खर्जाची तार निवडताना

बेस गिटार विकत घ्यायची म्हटलं की माणूस महिना-दोन महिने चौकशी करतो. लाकूड कोणतं, पिकअप कोणते, नेक हाताला बसते का, सगळं बघतो, चार जणांना विचारतो आणि मग पैसे मोजतो. तारांची वेळ आली की मात्र दुकानदाराला "चांगल्यातला सेट द्या" एवढं सांगून मोकळा होतो. दुकानदारही काउंटरमागच्या खुंटीला लटकलेलं पाकीट काढून देतो. बहुतेक वेळा ते 45-105 गेजचं, निकेलचं, राउंडवाउंड असतं. यात दुकानदाराचं काही चुकत नाही, बहुतेकांचं त्यावर भागतंही. पण हातातल्या वाद्याचा आवाज ज्या वस्तूवर सगळ्यात जास्त अवलंबून असतो, तीच आपण न बघता घेतली, हे गिऱ्हाइकाच्या ध्यानातही येत नाही.

ही पुस्तिका त्या गिऱ्हाइकासाठी आहे. बँडमध्ये, चर्चमध्ये, गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात, कॉलेजच्या स्पर्धेत बेस वाजवणारा, सूर नीट लावता येणारा, पण पाकिटावरचे आकडे वाचून गोंधळणारा जो कोणी असेल त्याच्यासाठी. इथे कुठल्या कंपनीची शिफारस नाही. नावं येतील, कारण काही आवाज त्या नावांशिवाय सांगताच येत नाहीत. पण अमुकच सेट घ्या असं वाक्य शेवटच्या पानापर्यंत सापडणार नाही.

पुढच्या सगळ्या प्रकरणांतून एक म्हणणं पुन्हा पुन्हा येईल, ते इथेच सांगून टाकतो. तार घरात एकट्यानं वाजवून निवडू नये. नवा कोरा राउंडवाउंड सेट चढवला, दार लावलं आणि अॅम्प सुरू केला की प्रत्येक सूर खणखणीत येतो, वर झणकार असतो, बोट नुसतं सरकलं तरी ऐकू येतं. माणूस खूश होतो. तोच सेट घेऊन तालमीला जा. ड्रमच्या झांजा, दोन गिटारी आणि कीबोर्ड यांनी वरचा सगळा पट्टा आधीच अडवलेला असतो. ज्या झणकारावर भाळून पैसे दिले तो तिथे विरून जातो आणि उरतो खालचा भाग. तो भरदार आहे की पोकळ, हे घरी तपासलेलंच नसतं. फ्लॅटवाउंडचं बरोबर उलट होतं. घरी त्या इतक्या बद्द वाटतात की पैसे पाण्यात गेले असं वाटावं. गाण्यात मात्र त्या किक ड्रमच्या ठोक्याला लगटून बसतात आणि गाणाऱ्याच्या वाटेत येत नाहीत. प्रत्येक बँडमध्ये असंच होईल असं नाही. तिघांचा बँड असेल, गिटार एकच असेल, तर तो झणकारच रिकामी जागा भरून काढतो. म्हणून तर तालमीत ऐकायचं.

आता तार वाजते तेव्हा काय होतं ते थोडं पाहू. चार तारांच्या बेस गिटारवर सर्वांत खालचा ई सेकंदाला 41.2 वेळा कंप पावतो, त्यावरचा ए 55, डी 73.4 आणि जी 98. नटपासून ब्रिजपर्यंतची लांबी, म्हणजे स्केल, बहुतेक वाद्यांत 34 इंच, साधारण 864 मिलिमीटर. एवढ्या लांबीवर आणि बोटांना सोसेल एवढ्या ताणावर 41 कंपनांचा सूर साध्या भरीव पोलादी तारेतून काढायचा तर ती सुमारे 2.4 मिलिमीटर जाडीची सळईच हवी. अशी सळई वाजते, पण कडकपणामुळे तिचे वरचे स्वर चढे निघतात आणि तार स्वतःशीच बेसूर होते. त्यावरचा उपाय पियानोवाल्यांनी फार आधीच काढलेला होता. आत बारीक पोलादी गाभा ठेवायचा आणि त्याच्यावर दुसरी तार गुंडाळायची. गाभ्यामुळे तार लवचीक राहते, गुंडाळीमुळे तिला वजन येतं. बेसच्या तारांमधले सगळे प्रकार, सगळे भाव आणि सगळे वाद या गुंडाळीभोवती फिरतात.

गुंडाळी गोल तारेची असेल तर ती राउंडवाउंड. बोटाखाली खरखरीत लागते, वरचे स्वर मोकळे सोडते. गुंडाळी चपट्या पट्टीची असेल तर फ्लॅटवाउंड. गुळगुळीत, बोट सरकल्याचा आवाज जवळजवळ नाही, वरचे स्वर लवकर विझतात. गोल गुंडाळून वरून घासून अर्धवट सपाट केलेल्याही मिळतात. काही तारांवर काळ्या नायलॉनची पट्टी असते; उभ्या डबल बासचा घुमारा हवा असणारे त्या लावतात. गाभा मात्र सगळ्यांत पोलादीच, कारण चुंबकी पिकअपला लोखंडाच्या जातीचं काहीतरी हलताना लागतं. नुसत्या नायलॉनच्या किंवा आतड्याच्या तारा चढवल्या तर त्याला काहीही ऐकू येणार नाही.

वरचे स्वर हे नुसतं नटणं-मुरडणं आहे असं कोणी समजू नये. तंबोरा ज्यानं मन लावून ऐकलाय त्याला हे सांगायला नको. खर्जाची तार छेडली की तिच्यातून गंधार ऐकू येतो, आणि गंधाराची तार तर कुणी लावलेली नसते. तो खर्जाच्याच पोटातला पाचवा स्वर. बेसमध्येही हाच व्यवहार चालतो, उलट्या बाजूनं. मोबाइलच्या स्पीकरमधून 41 कंपनांचा सूर बाहेर पडूच शकत नाही. तरी गाण्यातला खालचा ई आपल्याला ऐकू येतो, कारण 82, 124, 165 असे त्याचे वरचे स्वर कानावर पडतात आणि खालचा मूळ स्वर मेंदू स्वतः भरून काढतो. सगळेच वरचे स्वर मारून टाकणारी तार लावली तर मोठ्या स्पीकरवर ती धरणीकंप करील, फोनवर मात्र गायब होईल. आजचे श्रोते फोनवर ऐकतात. फ्लॅटवाउंडच्या आंधळ्या भक्तांनी याचा एकदा शांतपणे विचार करावा. (त्या भक्तांत मीही आहे.)

इतिहासाला या पुस्तिकेत एक अख्खं प्रकरण दिलंय, आणि ते हौसेनं दिलेलं नाही. बेस गिटारच्या आवाजात 1951 पासून जे मोठे बदल झाले, त्यांतले निदान दोन तारांमुळे झाले. 1951 साली लिओ फेंडरनं कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला. फ्रेट असल्यामुळे सूर नेमका लागतो, म्हणून प्रिसिजन. तो ज्यांना विकायचा होता ते डबल बास वाजवणारे होते. त्यामुळे आवाजही तसाच हवा होता, ठोक्याला येणारा आणि पुढच्या ठोक्याआधी आवरता येणारा. फ्लॅटवाउंड तारा त्या गरजेत नेमक्या बसल्या, आणि ब्रिजवरच्या धातूच्या झाकणाखाली तारा दाबणारा एक मऊ तुकडाही असे. लांबणारा, झणकणारा सूर तेव्हा कुणी मागितलाच नव्हता.

या आवाजाचं टोक गाठलं डेट्रॉइटमध्ये, जेम्स जेमरसननं. 1959 पासून तो मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत वाजवायला लागला. त्याच्याकडे 1962 चा फेंडर प्रिसिजन होता. त्यावर ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड तारा, जी 52 पासून ई 110 पर्यंत, तारा फ्रेटपासून बऱ्याच उंच, आणि ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा. उजव्या हाताचं एकच बोट, तर्जनी. तिला वादक मंडळी हुक म्हणत. तार तुटल्याशिवाय तो ती बदलत नसे, तारेवर साठलेल्या मळातच आवाज आहे असं त्याचं मत होतं म्हणतात. हे ऐकून आज पुष्कळ जण जुन्या तारांवर मळ साठवत बसतात आणि आपण जेमरसन का झालो नाही याचं नवल करतात. मळापेक्षा महत्त्वाची होती त्या बोटाची ताकद आणि त्या जाड तारांचा ताण. हलक्या हाताच्या माणसानं 52-110 चा सेट चढवला तर तो दुसऱ्या गाण्यापर्यंत दमेल.

साठच्या दशकात मोटाउनच्या तबकड्यांवर या वादकांची नावंच छापली जात नव्हती. 1971 साली मार्विन गे याचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' आला तेव्हा कुठे वादकांची नावं आवरणावर आली आणि जेमरसनच्या नावाआधी तर खास विशेषण लागलं. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात निवेदक बेसवाल्याचं नाव शेवटी घेतो, तेही कधी कधी विसरतो. बेसवाल्यांनी ते मनाला लावून घेऊ नये. धंद्याची ही रीत जुनी आहे.

दुसरं टोक लंडनमध्ये. द हू या बँडचा जॉन एंटविसल. त्यांच्या बँडमध्ये ताल धरणारी दुसरी गिटार नव्हती. पीट टाउनशेंडची एक गिटार आणि कीथ मूनचे ड्रम्स, जे शांत कधीच नसत. त्यात बेसनं गप्प राहून पाया धरला असता तर तो ऐकूच आला नसता. 1965 साली 'माय जनरेशन' हे गाणं करायचं ठरलं आणि त्यात बेसला एकट्यानं वाजवायच्या जागा ठेवल्या. एंटविसलला त्यासाठी डॅनेलेक्ट्रोच्या बेसचा आवाज आवडला होता, कारण त्यावरच्या तारा बारीक आणि झणझणीत होत्या. पुढची हकिकत तो स्वतःच सांगत असे. तार तुटली, आणि तशी सुटी तार इंग्लंडमध्ये मिळेना. मग काय करणार, दुसरी बेस गिटार विकत घेतली. तिचीही तार तुटली, तिसरी घेतली. शेवटी हे परवडेना, म्हणून फेंडर जॅझ बेस घेतला आणि त्यावरच ते गाणं रेकॉर्ड केलं. चार तारांसाठी अख्खी गिटार विकत घेणारा माणूस तारेला किती मोल देत असेल!

पुढच्या साली, 1966 मध्ये, तो रोटोसाउंडच्या जेम्स हाउकडे गेला. हाउ इंग्लंडमध्ये तारा बनवणारा कारागीर. एंटविसलची तक्रार होती की जाड ई आणि ए या तारा नीट कंप पावतच नाहीत. दोघांनी मिळून पोलादी राउंडवाउंड तारा घडवत नेल्या, आणि पियानोच्या खालच्या पट्टीतल्यासारखा लांब टिकणारा, तेजदार आवाज बेसवर आला. तो सगळ्यांच्या कानी पोचायला वेळ लागला नाही. येस बँडच्या ख्रिस स्क्वायरनं त्याच तारांवर रिकनबॅकर वाजवला. जॅको पास्टोरियसनं जॅझ बेसचे फ्रेट काढून टाकले आणि त्याच खरखरीत तारा लावल्या. त्या लाकूड खातात म्हणून फिंगरबोर्डवर जहाजांना लावतात तसल्या इपॉक्सीचे थर दिले. त्याच्या 1976 च्या पहिल्या तबकडीवरचा तो गाणारा, टिकणारा सूर त्या इपॉक्सीचा जितका, तितकाच राउंडवाउंडचा. फ्रेटलेसवर त्याच तारा लावायच्या असतील आणि फिंगरबोर्ड उघड्या रोझवूडचा असेल, तर दोन-तीन वर्षांत त्यावर खाचा दिसतील हे आधीच मान्य करून ठेवावं.

म्हणजे फ्लॅट जुन्या गाण्यांना आणि राउंड नव्याला, अशी वाटणी झाली का? पुष्कळ जण तशी करतात, आणि ती खोटी आहे. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये कॅरोल के फ्लॅटवाउंड तारा पिकनं वाजवायची, ब्रिजजवळ तारांवर फेल्टचा तुकडा ठेवून. तिचा आवाज इतका टोकदार की छोट्या रेडिओवरही प्रत्येक सूर वेगळा मोजता यावा. आयर्न मेडनचा स्टीव्ह हॅरिस हेवी मेटलमध्ये फ्लॅटवाउंड वाजवतो, 50-110 च्या जाड, आणि दर कार्यक्रमाआधी नव्या चढवतो. जेमरसनच्या बरोबर उलट. फ्लॅट जुन्या होऊ द्याव्यात हा नियम कुणी केला आणि का पाळायचा, याचं उत्तर हॅरिसकडे ऐकावं.

मुंबईच्या सिनेसंगीतात बेस गिटार रुळली ती बरीचशी गोव्याच्या वादकांच्या हातून. राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ यांची बेस गिटार होती. त्या गाण्यांत बेस हा तबला-ढोलकच्या शेजारी बसतो, झांजांच्या शेजारी नव्हे, आणि डग्ग्याचा घुमारा नेमका बेसच्याच पट्ट्यात येतो. आज मुंबईची मोहिनी डे ज्या वेगानं अंगठ्यानं आणि टॅपिंगनं वाजवते, त्या वाजवण्याला लख्ख, ताबडतोब बोलणारी तार लागते. एकाच शहरातल्या या दोन गरजा. म्हणून 'आपल्या गाण्यांना कोणती तार' असा प्रश्न कुणी विचारला की मी उलट विचारतो, कुठल्या गाण्यांना? शेजारी ढोलकी आहे की ड्रम्स? ढोलकी-डग्गा असेल तर मी डोळे मिटून फ्लॅट किंवा जुन्या झालेल्या निकेल तारा सुचवीन.

आता पाकिटावरचे आकडे. 45-65-85-105 म्हणजे त्या त्या तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात. 105 ची ई म्हणजे साधारण 2.67 मिलिमीटर. 45 आणि 50 यांच्यात फरक पाच हजारांश इंचाचा, म्हणजे 0.13 मिलिमीटरसुद्धा नाही, आणि माणूस म्हणतो एवढ्यानं काय होतंय. तारेचं वजन जाडीच्या वर्गानं वाढतं, आणि सूर तोच ठेवायचा तर ताण वजनाच्या प्रमाणात वाढतो. 45 ऐवजी 50 ची जी तार लावली तर ताण जवळजवळ 23 टक्क्यांनी वाढतो. खाली ई ला 100 ऐवजी 105 लावली तर वाढ दहा टक्क्यांच्या आसपास. एरवीच्या सेटच्या चार तारा मिळून नेकवर साधारण 75 ते 80 किलोंचा ओढा पडतो. तो पाच-दहा किलोंनी बदलला की नेकचा बाक बदलणारच. सूर उतरवला तरी हाच हिशोब. ई उतरवून डी केली की ताण एक-पंचमांशानं पडतो आणि तार फ्रेटवर आपटायला लागते. खाली उतरवून वाजवणाऱ्यांना जाड गेज लागतो तो याच कारणासाठी.

लेव्हल 42 या बँडचा मार्क किंग 30 ते 90 च्या तारा लावतो, जेमरसन 52 ते 110 च्या लावायचा. दोघंही 34 इंची स्केलवर, दोघंही आपापल्या जागी थोर. किंगचा अंगठा ज्या वेगानं फिरतो त्या वेगानं जाड तार परत जागेवर येणारच नाही. गेज हा वाजवणाऱ्याच्या हाताचा प्रश्न आहे, आणि तो सोडवताना पुरुषार्थ मधे आणू नये. जाड तार लावली म्हणजे आवाज आपोआप जाड होतो हा तालमीच्या खोल्यांमधला सगळ्यात टिकाऊ गैरसमज आहे.

आणखी एक गोष्ट पाकिटावर लिहिलेली नसते. एकाच जाडीची फ्लॅट तार राउंडपेक्षा सहसा जास्त ताणाची असते, कारण चपट्या पट्ट्यांच्या गुंडाळीत पोकळ्या राहत नाहीत आणि तेवढ्याच जाडीत धातू जास्त बसतो. 45-105 चे राउंड काढून 45-105 चेच फ्लॅट चढवले आणि नेक वाकली, अशी तक्रार येते ती इथून. याला अपवादही आहेत. व्हिएन्नाच्या टोमास्टिक-इन्फेल्डच्या जॅझ फ्लॅट तारा मऊ, कमी ताणाच्या म्हणून ओळखल्या जातात. ज्यांना फ्लॅटचा आवाज हवा पण फ्लॅटचा कडकपणा नको, ते महाग असूनही त्यांच्याकडे वळतात.

धातूबद्दल थोडक्यात. निकेलचा मुलामा दिलेलं पोलाद हा मधला मार्ग, बहुतेक सेट त्याचेच. शुद्ध निकेलची गुंडाळी जरा मऊ आवाजाची. स्टेनलेस स्टील सगळ्यात तेज, आणि फ्रेटना सगळ्यात लवकर झिजवणारी. बस, यापलीकडे पाकिटावर जे लिहिलेलं असतं ते जाहिरात म्हणून वाचावं.

हवामानाचं मात्र थोडक्यात सांगून भागणार नाही. या विषयावरची बहुतेक पुस्तकं थंड, कोरड्या देशांत लिहिली जातात आणि तिथले हिशोब आपल्याकडे लागू पडत नाहीत. मुंबई, रत्नागिरी, पणजी इथल्या खाऱ्या दमट हवेत, त्यात मे महिन्यातल्या मांडवाखाली तीन तास वाजवताना, बोटांचा घाम गुंडाळीच्या खाचांमध्ये उतरतो. घाम, त्वचेचा चुरा आणि धूळ यांचा थर बसतो. तो सगळीकडे सारखा बसत नाही. जिथे बोटं जास्त पडतात तिथे जास्त, त्यामुळे तारेचं वजन ठिकठिकाणी वेगळं होतं. वरचे स्वर आधी मरतात, आणि नंतर सूरच बिघडतो. ओळखायची रीत सोपी आहे. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला नुसता स्पर्श करून हार्मोनिक काढा, मग तिथेच तार दाबून वाजवा. दोन्ही सूर आधी जुळत होते आणि आता जुळत नाहीत, शिवाय गेज किंवा ब्रिजही बदललेला नाही, तर तार गेली. ब्रिज फिरवत बसू नका.

जुन्या तारा पाण्यात उकळून पुन्हा वाजवायचा उपाय सगळ्यांना ठाऊक असतो. तो चालतो, पण चार-आठ दिवस. उकळल्यानं खाचांमधला तेलकट मळ सुटतो, पण पाणी गाभ्यापर्यंत शिरतं आणि आतून गंजायला सुरुवात होते. डिनेचर्ड अल्कोहोलमध्ये रात्रभर बुडवून ठेवणं त्यापेक्षा बरं, फक्त गॅसपासून लांब. नायलॉनवाल्या तारा यातलं काहीही सोसत नाहीत. आणि पातळ प्लॅस्टिकचा लेप दिलेल्या तारा, ज्या महाग म्हणून आपण टाळतो, त्या कोकणपट्टीत वाजवणाऱ्याला वर्षाच्या हिशोबात स्वस्त पडू शकतात. वाजवून झाल्यावर सुती फडक्यानं तारा खालून-वरून पुसणं याला मात्र पैसे लागत नाहीत, आणि ते कुणी करत नाही.

पाच तारांच्या बेसवर खालचा बी 30.87 कंपनांचा. 34 इंचांवर तो ढिला पडू नये म्हणून 130 च्या आसपासची तार आणि जमल्यास 35 इंची स्केल. डिंगवॉल कंपनी तर तिरपे फ्रेट टाकून बी ची लांबी 37 इंचांपर्यंत नेते. पॉल मॅकार्टनीच्या होफ्नरसारख्या 30 इंची वाद्याला लांब स्केलचा सेट घेऊ नये. त्याची जाड गुंडाळी खुंटीपर्यंत पोचते आणि तिथे वळवताना उसवते. सेट घेण्याआधी घरीच टेपनं नटपासून ब्रिजमागे तारेचा गोळा अडकतो तिथपर्यंत मोजा आणि तो आकडा पाकिटाशी ताडून बघा. तारा शरीरातून मागून ओवायच्या वाद्यावर फ्लॅट लावायच्या असतील तर कंपनी त्याला हरकत घेते का, हे पाकिटावर वाचा. तिथला काटकोनी वळसा चपट्या पट्टीला मानवत नाही.

तार चढवण्याचं प्रकरण चित्रांसह आहे, पण त्यातली एक गोष्ट इथेच सांगतो, कारण नव्या सेटचा आवाज बहुतेक वेळा इथेच वाया जातो. फेंडर पद्धतीच्या खुंटीला मधोमध चीर आणि तळाशी भोक असतं. ई ची तार ब्रिजमधून ओवून सरळ ताणून धरा, आणि आपल्या खुंटीच्या पुढे चार-पाच इंच सोडून तिथे आधी पक्कडीनं काटकोनात वाकवा, मगच कापा. न वाकवता कापली तर गोल गाभ्याच्या तारेची गुंडाळी गाभ्यावरून सैल होते आणि ती तार पुन्हा कधीच नीट बोलत नाही. टोक भोकात खुपसा, दोन-तीन वेढे वरून खाली येऊ द्या. या सगळ्यात तारेला पीळ पडू देऊ नका. पडलाय असं वाटलं तर खुंटीतून सोडवून एकदा मोकळी लोंबू द्या, ती आपोआप उलगडते. सूर लावल्यावर नटच्या पुढे आणि ब्रिजच्या खाचेच्या लगेच पुढे अंगठ्यानं तार खाली दाबा. जाड तार तिथे कमान करून बसलेली असते, आणि त्या कमानीमुळे सूर हलतो, ठोका बोथट होतो. दाबल्यावर सूर थोडा उतरेल, पुन्हा लावा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि तारा मेल्यात म्हणून कचऱ्यात गेलेल्या कित्येक नव्या सेटना ते मिळालेलंच नसतं.

गेज बदलला की सेटअप बघावाच लागतो. ट्रस रॉड पाव वळशाहून जास्त एका वेळी फिरवू नये, फिरवल्यावर लाकडाला थोडा वेळ द्यावा. तारेची उंची बाराव्या फ्रेटजवळ दोन-अडीच मिलिमीटर ही सुरुवात धरावी. जाड तार नटच्या खाचेत बसत नसेल तर खाच रुंद करावी लागते, आणि एकदा रुंद केलेली खाच बारीक तारेला पुन्हा उपयोगी पडत नाही. इथे मात्र हात आवरा आणि जाणत्या कारागिराकडे जा.

सेट निवडायला घेताना पुस्तिका पहिल्या पानापासून वाचलीच पाहिजे असं नाही. तुमच्या बँडमध्ये काय काय वाजतं त्याची यादी करा, मग गेजचं प्रकरण वाचा, मग गुंडाळीचं. जुन्या तारा उतरवण्याआधी त्यांवर, बँडसकट, एक गाणं फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. नव्या चढवल्यावर तेच गाणं, त्याच खोलीत, त्याच आवाजावर रेकॉर्ड करा. फरक तिथे ऐकायचा. गेज, कंपनी आणि चढवल्याची तारीख एका चिठ्ठीवर लिहून केसमध्ये ठेवा, आणि जुना सेट गुंडाळून त्याच केसमध्ये ठेवा, कारण तार तुटते ती नेहमी कार्यक्रमाच्या दिवशी.

वाचकांना एक विनंती आहे. चिपळूणला, वेंगुर्ल्याला किंवा मडगावला तारा किती आठवडे टिकतात, नागपूरच्या उन्हाळ्यात नेक किती हलते, लेपाच्या तारांनी खरंच पैसे वाचले का, याची नोंद जो कोणी वर्षभर ठेवील त्यानं ती प्रकाशकांकडे पाठवावी. हवामानाचं प्रकरण पुढच्या आवृत्तीत त्या नोंदींवरूनच नव्यानं लिहायचं आहे.